जांघेतला हर्निया: टाके, जाळी की दुर्बीण? वाचकांचे प्रश्न, सर्जनची उत्तरं

मागच्या अंकात हर्नियावर प्रश्न पाठवा असं छापलं आणि एवढे प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नाहीये. हे अवघड जागेचं दुखणं, त्यामुळं माणसं घरात सुद्धा बोलत नाहीत, आंघोळीच्या वेळी गुपचूप हाताने आत ढकलतात आणि वर्षंच्या वर्षं काढतात. ज्यांनी मोकळेपणाने लिहिलं त्यांचे मनापासून आभार. नावं गावं काढून टाकलीयेत, सारखे प्रश्न एकत्र केलेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात "सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं" असं विचारलंय. पण हर्निया कुठला, माणूस कोण आणि ऑपरेशन करणाऱ्याचा हात कशात बसलाय, हे तीन बघितल्याशिवाय त्याचं उत्तर देताच येत नाही, आणि खालच्या उत्तरांत मी तेच धरून बोललोय.

डॉक्टर, वय ५८, शेती करतो. दोन वर्षं झाली, उजव्या जांघेत फुगा येतो, आडवा झालो की जातो. दुखत बिखत काही नाही, पोतं उचललं की जरा जड वाटतं. मेडिकलमधून पट्टा आणलाय. घरचे म्हणतात ऑपरेशन कर नाहीतर आतडं अडकून जीव जाईल. खरंच एवढी घाई आहे का?

नाही दादा, आज रात्री उठून पळावं अशी घाई नाहीये. पण विषय सोडून द्यायचाही नाहीये.

पुरुषांमध्ये अंडकोषाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका पोटातून खाली जायला जांघेच्या वर एक वाट असते, ती जागा मुळातच कच्ची. तिथून पोटाच्या आतला पडदा पिशवीसारखा बाहेर येतो आणि त्यात कधी चरबी तर कधी आतडं उतरतं. आयुष्यात कधी ना कधी साधारण २७ टक्के पुरुषांना हे होतं, बायकांमध्ये ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुम्हाला काही जगावेगळं झालेलं नाही. पण हे भोक गोळीने बुजत नाही, आसनाने बुजत नाही, पट्ट्याने तर नाहीच नाही.

घाईचं म्हणाल तर अमेरिकेत ७२० पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला, २००६ साली छापून आला. ज्यांना त्रास नाही किंवा अगदी थोडा आहे अशांपैकी अर्ध्यांचं ऑपरेशन केलं आणि अर्ध्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. थांबलेल्यांमध्ये आतडं एकदम अडकायचं प्रमाण निघालं वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी. म्हणजे तुमच्यासारख्या माणसाने थांबणं धोक्याचं नाही. पण त्याच लोकांना पुढं दहा वर्षं बघितलं तर त्यातल्या ६८ टक्के लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलंच, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून, आणि पासष्टीच्या पुढच्यांमध्ये हा आकडा ७९ टक्के होता. त्यामुळं माझं मत विचाराल तर तुमची तब्येत आत्ता चांगली आहे, काम अंगमेहनतीचं आहे, तर शेतातली कामं जरा हलकी असतील असा महिना बघा आणि स्वतःच्या सोयीने करून घ्या. सत्तरीत शुगर, बीपी, दमा सगळं घेऊन करण्यापेक्षा हे बरं.

पट्टा लावायचाच असेल तर आडवं होऊन फुगा पूर्ण आत गेल्यावरच लावा. आतडं बाहेर असताना वरून पट्टा आवळला तर ते दाबलं जातं.

आणि हे मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा: नेहमी आत जाणारा फुगा एक दिवस आत जाईना, कडक झाला, हात लावू देईना, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, गॅस सुटेना, तर ते आतडं अडकलंय. तेव्हा जोर लावून ढकलायचं नाही, कुणाकडून चोळून घ्यायचं नाही, पाणी सुद्धा प्यायचं नाही, सरळ सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा बंद होऊन ते काळं पडू शकतं, मग साध्या हर्नियाच्या ऑपरेशनचं आतडं कापायचं ऑपरेशन होतं.

मी ४१ वर्षांचा, बँकेत नोकरी, डाव्या बाजूला हर्निया. तीन डॉक्टर झाले. एक म्हणाले ओपन करा, जाळी टाकू, दुसऱ्या दिवशी घरी. दुसरे म्हणाले आता ओपन कोण करतं, दुर्बिणीतूनच करा. तिसऱ्यांनी टेप की टॅप असं काहीतरी सांगितलं जे डोक्यावरून गेलं. डोकं फिरायची वेळ आलीये. नक्की काय करू?

तिघंही चुकीचं सांगत नाहीयेत, पहिल्यांदा एवढं लक्षात घ्या म्हणजे निम्मी चिंता कमी होईल.

थोडं मागं जाऊ. इटलीतल्या पादुआचे सर्जन एदुआर्दो बस्सिनी यांनी १८८० च्या दशकात जांघेची मागची भिंत टाक्यांनी शिवून काढायची पद्धत बसवली, आणि त्यानंतर शंभर वर्षं जगभर तिचेच वेगवेगळे अवतार चालले. त्यात अडचण एकच, स्नायू ओढून ताणून एकमेकांना शिवायचे, त्यामुळं दुखायचं जास्त आणि ताण आला की टाका फाडून हर्निया परत यायचा. मग १९८९ मध्ये लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टेनस्टाईन यांनी आपल्या पद्धतीचे निकाल छापले: स्नायू ओढायचेच नाहीत, कच्च्या जागेवर प्लास्टिकची बारीक जाळी पसरून टाचायची, शरीर त्या जाळीत आपली ऊतकं भरून घेतं आणि ती भिंत होते. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं ते हेच. याची मोठी जमेची बाजू म्हणजे जांघेतल्या एका चिरेतून होतं, नुसती ती जागा बधिर करून सुद्धा करता येतं, आणि तालुक्याच्या गावातला सर्जन सुद्धा हे उत्तम करतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तीन छोटी भोकं पाडून जाळी भिंतीच्या आतल्या बाजूने बसवतात, साधारण १० बाय १५ सेंटीमीटरची. पंक्चरवाला फाटक्या टायरला आतून गेटर लावतो तसं, आतला दाबच त्याला जागेवर धरून ठेवतो. टेप आणि टॅप हे ह्याचेच दोन प्रकार. टॅपमध्ये पोटाच्या पोकळीत शिरून, तिथला पडदा उघडून जाळी ठेवायची आणि पडदा परत शिवायचा. टेपमध्ये पोटाच्या पोकळीत शिरायचंच नाही, पडदा आणि स्नायू यांच्या मधेच जागा करायची. चांगल्या हातात दोन्हीचे निकाल सारखेच येतात, त्यामुळं ह्या दोघांत तुम्ही निवड करत बसू नका, ते सर्जनवर सोडा.

दुर्बिणीचा फायदा खराच आहे, सुरुवातीचं दुखणं कमी, कामावर लवकर जाता येतं, जांघेतल्या नसा वाटेत येत नाहीत म्हणून महिनोनमहिने दुखत राहायचं प्रमाणही कमी. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर त्याच तीन भोकांतून दोन्ही होतात, तिथं मी स्वतः दुर्बिणीकडेच झुकतो. एकदा ओपन करून परत आलेल्या हर्नियालाही दुर्बीण बरी, कारण पुढून सगळं चिकटलेलं असतं आणि मागची बाजू कोरी असते. उलट आधी दुर्बिणीतून झालं असेल आणि परत आला तर पुढून ओपन करायचं. पण दुर्बिणीला पूर्ण भूल लागते, खर्च जास्त, आणि मुख्य म्हणजे हे ऑपरेशन शिकायला वेळ लागतो. हात बसायला ५० ते १०० ऑपरेशनं लागतात असं २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय. जो सर्जन वर्षातून चार वेळा दुर्बिणीतून हर्निया करतो त्याच्यापेक्षा जो दर आठवड्याला ओपन करतो त्याच्याकडे ओपन केलेलं केव्हाही चांगलं.

म्हणून तिघांपैकी जे जवळचे वाटतात त्यांना बिनधास्त विचारा, डॉक्टर ह्या पद्धतीने तुम्ही महिन्याला किती करता, माझ्याच बाबतीत ही पद्धत का, आत काही अडचण आली तर ओपन करणार का, जाळी कुठल्या प्रकारची, आणि ऑपरेशननंतर दुखत राहिलं तर पुढं काय करता. ह्या प्रश्नांनी चांगला सर्जन चिडत नाही. तुम्ही ४१ वर्षांचे, एकाच बाजूला, पहिल्यांदाच, तब्येत ठणठणीत, तर नेहमी करणारा सर्जन मिळत असेल तर दुर्बिणीतून करा, नसेल मिळत तर ओपन जाळीचं करा आणि मनात काही हुरहूर ठेवू नका.

लेझरने हर्नियाचं ऑपरेशन, टाका नाही, जखम नाही, अशी जाहिरात पाहिली. करावं का?

नको. लेझरने जांघेतलं भोक बंद होत नाही, भिंत भक्कम करायला टाके तरी लागतात नाहीतर जाळी तरी. बऱ्याचदा लेझर म्हणून बोलावतात आणि प्रत्यक्षात दुर्बिणीचं ऑपरेशन करतात. तिथं गेलातच तर नेमकं काय करणार ते कागदावर लिहून मागा. रोबोटचंही विचारलंय काहींनी. रोबोटने करतात ते दुर्बिणीचंच ऑपरेशन आहे, खर्च बराच वाढतो, साध्या जांघेतल्या हर्नियात त्यासाठी कर्ज काढायची गरज मला वाटत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, बाबा नाशिकला. इथं टीव्हीवर सारख्या मेशच्या केसेसच्या वकिलांच्या जाहिराती दिसतात, ते बघून मी घाबरलोय. बाबांचं वय ६२, त्यांना कुणीतरी पुण्याच्या देसरडा पद्धतीबद्दल सांगितलं, जाळी न टाकता होतं म्हणे. हे शास्त्रीय आहे का? जाळी खरंच इतकी वाईट आहे का?

काळजी वाटणं अगदी बरोबर आहे, लांब राहून तर जास्तच वाटते.

अमेरिकेत जाळीवरून हजारो दावे झालेत हे खरं. पण त्यात वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. बायकांचं अंग बाहेर येतं त्यासाठी योनीमार्गातून जी जाळी टाकायचे तिची विक्री तिथल्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) एप्रिल २०१९ मध्ये थांबवली, तो विषय पूर्ण वेगळा, त्याचा जांघेतल्या हर्नियाशी संबंध नाही. हर्नियाच्या जाळ्यांमध्येही काही खास आवरणाच्या, काही गुंडाळी करून भोकात बसवायच्या अशा प्रकारांबद्दल तक्रारी जास्त आहेत. साधी सपाट पॉलिप्रॉपिलीनची (हे एक प्रकारचं प्लास्टिक) जाळी मात्र साठच्या दशकापासून माणसांच्या शरीरात वापरात आहे, आणि मोठ्या माणसांच्या जांघेतल्या हर्नियाला जाळी वापरावी अशीच आजची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, कारण जाळीमुळं हर्निया परत यायचं प्रमाण कमी होतं.

जाळीचे तोटे नाहीतच असं मी म्हणणार नाही. ती कायम शरीरात राहते, क्वचित तिला इन्फेक्शन होतं आणि मग काढावी लागते, ते काम किचकट असतं. दीर्घकाळ दुखण्याचंही खापर जाळीवर फोडतात, पण जांघेत तीन नसा असतात, त्यातली एखादी टाक्यात सापडली किंवा जखम भरताना ओढली गेली तर जाळी नसलेल्या ऑपरेशननंतर सुद्धा तसंच दुखतं. तीन महिन्यांपुढं टिकणारं त्रासदायक दुखणं दहा बारा टक्के लोकांना होतं असे आकडे आहेत, म्हणजे ही किरकोळ बाब नाही, आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटला हे सांगितलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता देसरडा पद्धत. हो, शास्त्रीय आहे, आणि आपल्या पुण्यातली आहे ह्याचा मला अभिमान वाटतो. डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये ४०० पेशंटचा अनुभव छापला. ते करतात काय, तर जांघेच्या वरच्या स्नायूचा जो पांढरा चिवट पडदा असतो त्याचीच एक पट्टी, तिची दोन्ही टोकं न तोडता, कच्च्या जागेवर आणून शिवतात. म्हणजे जाळीच्या जागी पेशंटची स्वतःचीच जिवंत पट्टी, बाहेरची कुठलीही वस्तू कायमची ठेवायची नाही, स्नायू हलले की तीही हलते. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर ह्याची लिक्टेनस्टाईनच्या जाळीशी तुलना झाली, २०१२ ला छापून आली, तीन वर्षांनंतर दोन्हीकडे हर्निया परत यायचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. अट एवढीच की तो पडदा चांगला जाड आणि दणकट पाहिजे. म्हाताऱ्या माणसात किंवा मोठ्या जुन्या हर्नियात तो विरलेला असेल तर त्याची पट्टी काय टिकणार, तिथं जाळीच बरी, आणि हे बऱ्याचदा उघडून बघितल्यावरच कळतं.

जाळीशिवायची दुसरी नामांकित पद्धत कॅनडातली, टोरंटोजवळचं शोल्डाइस हॉस्पिटल १९४५ पासून हर्नियाचंच काम करतं, थरावर थर चार ओळींत शिवतात. तिथले निकाल फार सुंदर आहेत, पण ते सर्जन दिवसभर तेच करतात. दुसरीकडे कुणी कधीतरी एखादं शोल्डाइस करेल तर तसेच निकाल येतील असं समजू नका. बाबांच्या बाबतीत मी म्हणेन की जाळी नकोच असं मनापासून वाटत असेल तर देसरडा पद्धत नियमित करणारा सर्जन शोधा आणि "पडदा पातळ निघाला तर जाळी टाकली तर चालेल का" ह्याचा निर्णय बाबांनी स्वतः आधी सांगून ठेवावा. निर्णय बाबांचा असू दे.

आईचं वय ६३. जांघेत सुपारीएवढी गाठ आहे, आत जात नाही, अधूनमधून दुखते. फॅमिली डॉक्टर म्हणाले लसिकाग्रंथी असेल. एकांनी फिमोरल हर्निया म्हटलं. सहा महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे, त्यानंतर केलं तर चालेल का?

ताई, नाही चालणार. हे उत्तर वाचून ह्याच आठवड्यात सर्जनला दाखवा आणि सोनोग्राफी करून घ्या.

पहिल्या प्रश्नात मी थांबलं तरी चालतं म्हटलं ते पुरुषांच्या नेहमीच्या हर्नियाला. फिमोरल हर्निया मांडीला जाणाऱ्या शिरेच्या शेजारच्या अरुंद भोकातून येतो, तो बायकांमध्ये जास्त दिसतो, भोकाच्या कडा कडक असतात त्यामुळं आतडं अडकलं की सुटत नाही. इंग्लंडमधल्या एका जुन्या अभ्यासात फिमोरल हर्निया अडकायचं प्रमाण तीन महिन्यांत २२ टक्के आणि पावणेदोन वर्षांत ४५ टक्के होतं. लग्न सहा महिन्यांवर आहे म्हणजे ऑपरेशन करून आई उभी राहून सगळं लग्न बघेल एवढा वेळ आहे तुमच्याकडे, तो घालवू नका. बायकांच्या जांघेतल्या हर्नियाला शक्य असेल तर दुर्बिणीतून करावं असं सांगतात, कारण आतून बघितलं की फिमोरलची जागाही दिसते, नाहीतर पुढून एक दुरुस्त करतात आणि दुसरा तसाच राहून जातो. दुर्बीण जमत नसेल तर ओपन करा, पण करा.

बाळ पाच महिन्यांचं आहे, रडलं की उजव्या जांघेत फुगतं. सासूबाई म्हणतात मोठं झालं की आपोआप जातं, बेंबीवर पैसा बांधतात तसं काहीतरी बांधू. एवढ्या लहान बाळाला भूल द्यायची भीती वाटते. जाळी टाकतात का लहान मुलांना?

सासूबाई म्हणतात ते बेंबीच्या हर्नियाचं, तो बहुतेक मुलांत चार पाच वर्षांपर्यंत खरंच आपोआप बंद होतो, पैसा बांधला काय न बांधला काय (बांधू नका, कातडी चिघळते). जांघेतला मात्र आपोआप जात नाही. पोटात असताना बाळाचे अंडकोष खाली उतरतात तेव्हा त्यांच्याबरोबर उतरलेली पिशवी बंद व्हायची राहून गेली की हा हर्निया होतो, आणि पहिल्या वर्षात तो अडकायचा धोका मोठ्या माणसांपेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळं निदान झालं की फार दिवस थांबत नाहीत.

जाळी अजिबात टाकत नाहीत. मुलांच्या स्नायूत दोष नसतो, नुसती ती पिशवी मोकळी करून मुळाशी बांधायची, लहानशा चिरेतून, आणि बाळ बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येतं. फक्त हे लहान मुलांच्या सर्जनकडे आणि लहान बाळांना भूल द्यायची सवय असलेल्या डॉक्टरांकडे करा, जवळच्या मेडिकल कॉलेजात दोन्ही मिळतात. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर तसं नक्की सांगा, त्यांना एक रात्र देखरेखीखाली ठेवावं लागू शकतं. मुलीच्या जांघेत असा फुगा असेल तर त्यात बीजांडकोश उतरलेला असू शकतो, तेव्हा मुलगी आहे म्हणून दुर्लक्ष करू नका.

वडील ७६, हृदयात दोन स्टेंट, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, लघवीला कुंथावं लागतं. हर्निया आता अंडकोषात उतरतोय आणि दुखतोय. सगळे म्हणतात ह्या वयात नको.

वय हे नाही म्हणायचं कारण नाही, ह्या माणसाला पद्धत वेगळी लागेल एवढंच. अशा पेशंटला मी दुर्बिणीच्या वाटेला नेत नाही. जांघ बधिर करून ओपन जाळीचं ऑपरेशन होतं, पेशंट जागा असतो, बोलतो, भुलीचा हृदयावर ताण फार कमी. पण आधी लघवीचं बघा. प्रोस्टेट (लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी) वाढलंय आणि रोज कुंथतायत तर लघवीच्या डॉक्टरांना दाखवून ते ताळ्यावर आणा, नाहीतर ऑपरेशनच्या रात्रीच लघवी तुंबते आणि नळी घालावी लागते, कमरेत भूल दिली तर हे जास्त होतं. पूर्वी पोट उघडून प्रोस्टेट काढलं असेल तर तेही सांगा, मग आतली जागा चिकटलेली असते.

गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवूनच ऑपरेशन करतात, दुसरी गोळी किती दिवस बंद ठेवायची आणि ठेवायची का, हे स्टेंट कधी टाकले त्यावर हृदयाचे डॉक्टर ठरवतात. तंबाखू बिडी असेल तर महिनाभर आधी सुटलीच पाहिजे, खोकला आणि बद्धकोष्ठ दोन्ही आटोक्यात हवेत.

दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले आणि त्याच जागी परत फुगा आलाय. पैसे पाण्यात गेले का?

बहुतेक नाही. मोठी पिशवी रिकामी झाली की त्या जागेत पाणी साचतं, हाताला हर्नियासारखंच लागतं, पण खोकल्यावर वाढत नाही आणि ढकलून आत जात नाही. सहा आठ आठवड्यांत जिरतं. कुणालाही सुई घालून काढू देऊ नका, जंतू जाळीपर्यंत पोचतात. अंडकोषावर काळंनिळं पडलं असेल तर तेही उतरेल. लाल झालं, ताप आला, किंवा दोन महिन्यांनी सुद्धा तसंच राहिलं तर सोनोग्राफी करा.

ज्या दोघांनी सहा महिने उलटूनही जांघेत चटका बसतो, मांडीपर्यंत मुंग्या येतात असं लिहिलंय त्यांना सांगतो, हे मनाचे खेळ नाहीत. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, साध्या पेनकिलरने ते जात नाही. पेन क्लिनिकमध्ये नसेजवळ इंजेक्शन देऊन बऱ्याच जणांना आराम पडतो, आणि एवढं करूनही नाही गेलं तर वर्षभराने नसा सोडवायचं किंवा कापायचं ऑपरेशन असतं, पण ते ह्यातल्या जाणत्या माणसाकडेच.

मजुरी करतो, धुळे जिल्हा. प्रायव्हेटमध्ये जो आकडा सांगितला तो झेपत नाही. सरकारी दवाखान्यात मच्छरदाणीची जाळी टाकतात असं ऐकलं, खरंय का? भीती वाटते.

दादा, ती गोष्ट तुमच्याच जिल्ह्यातली आहे आणि भिण्यासारखी नाही, म्हणून जरा नीट सांगतो. दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यासमोर हाच प्रश्न होता, परदेशी जाळी शेतमजुराला परवडत नाही आणि जाळीशिवाय हर्निया परत येतो. त्यांनी बघितलं की मच्छरदाणीचं कापड ज्या पॉलिमरचं असतं ते जाळीच्या पॉलिमरच्या अगदी जवळचं आहे, तेव्हा त्यांनी ते कापून, धुवून, निर्जंतुक करून वापरायला सुरुवात केली आणि इतर सर्जनना बरोबर घेऊन २००३ मध्ये निकाल छापले. जगात अनेकांना ते पटायला वेळ लागला. मग युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली, निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, निम्म्यांना महागडी. वर्षभराने पहिल्या गटात फक्त एकाचा हर्निया परत आला होता, दुसऱ्या गटात कुणाचाच नाही, बाकी त्रास दोन्हीकडे सारखाच. २०१६ मध्ये हे जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आलं. एक जाळी एका डॉलरच्याही आत, दुसरी सव्वाशे डॉलरची. खेड्यातल्या एका सर्जनने गरिबाची नड ओळखून काढलेली वाट जगाने तपासून बघितली आणि ती टिकली, हे प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अर्थात ती दुकानातून आणलेली मच्छरदाणी नव्हे, औषध मारलेली तर कधीच नाही, तिची तयारी नियमाने करावी लागते. आणि आता आपल्याकडे भारतीय बनावटीच्या साध्या जाळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. तुम्ही जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात जा, तिथं हे ऑपरेशन नेहमी होतं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र तिथंच बसतो, तुमचं ऑपरेशन योजनेत कुठं बसतं ते त्याला विचारा. नुसता हर्निया जागेवर जातोय तोवरच जा, अडकल्यावर नको. आणि ज्यांनी हेल्थ इन्शुरन्सचं विचारलंय त्यांच्यासाठी, बहुतेक पॉलिसींत हर्नियाला सुरुवातीची दोन वर्षं क्लेम मिळत नाही, तारीख बघून घ्या.

ऑपरेशननंतर कधीपासून कामाला जायचं? गाडी, जिना, ओझं, आणि... बायकोजवळ कधी?

चालणं आणि जिना त्याच दिवसापासून, झोपून राहिल्याने काही भक्कम होत नाही. बसून करायचं काम आठवडाभरात, दुर्बिणीचं असेल तर त्याच्याही आधी जमतं. टू-व्हीलर तेव्हा चालवा जेव्हा एकदम ब्रेक दाबताना कळ येत नाही. संबंध दुखत नसेल तेव्हापासून, त्याने जाळी सरकत नाही आणि ह्या ऑपरेशनने पुरुषत्व जात नाही, हे विचारायला लाजून कित्येकजण उगीच महिने काढतात. पोतं, सिलेंडर, हमाली, जिममधली वजनं मात्र चार ते सहा आठवड्यांनी आणि हळूहळू वाढवत. संडासला कुंथावं लागू नये म्हणून पाणी, भाज्या, आणि लागलं तर इसबगोल. जखमेवर हळद, तेल काही लावू नका.